कांद्याच्या बाजारातला क्रम्पेट

सकाळी साडेसहा

सिॲटल शहरातला पाइक नावाचा रस्ता समुद्राकडे जाता जाता जिथे संपतो, तिथे लाल निऑन दिव्यांची भलीमोठी पाटी आहे आणि तिच्या शेजारी घड्याळ. 'पब्लिक मार्केट सेंटर'. दहा वाजले की या पाटीखाली उभं राहायला जागा मिळत नाही, सगळं जग फोटो काढत असतं. साडेसहाला मात्र पाटीखाली फक्त कामाची माणसं असतात. टेम्पोतून खोकी उतरतायत, रबरी बूट घातलेले मासेवाले खोऱ्याने बर्फ पसरतायत, त्यावर सॅमन आणि हॅलिबट ओळीने मांडतायत. विटांचा रस्ता नुकताच धुतलेला. ऑगस्ट महिना, त्यामुळे उजाडलेलं आहे, पण खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याला स्वेटर लागतोच.

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका बाजार समितीत नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झालो. मुलगी सिॲटलच्या सरोवरापलीकडे, बेलव्ह्यूला राहते. तिच्याकडे आलं की लोक मला डोंगर आणि धबधबे दाखवायला नेतात. मी बघतो, छान म्हणतो. पण बाजार दिसला की माझी नजर आपोआप मोजायला लागते: गाडी कुठे लागते, माल कोण उतरवतो, माप कुणाच्या हातात आहे, पैसे कुणाच्या खिशात जातात. म्हणून या बाजाराला एक अख्खा दिवस द्यायचं ठरवलं, आणि बसायला ठिकाण म्हणून एक लहानसं चहाचं दुकान हेरून ठेवलं.

सकाळी आठ

दुकानाचं नाव 'द क्रम्पेट शॉप'. पाटीपासून हाकेच्या अंतरावर, फर्स्ट ॲव्हेन्यूच्या बाजूला. १९७६ पासून इथेच आहे. अरुंद जागा, मोजकी टेबलं, पुढे काउंटर. काउंटरच्या पलीकडे तवा, आणि खरी बघण्यासारखी गोष्ट तीच.

क्रम्पेट हा मूळचा इंग्रजांचा पदार्थ. मँचेस्टरमध्ये दुकान चालवणाऱ्या एलिझाबेथ रॅफल्ड नावाच्या बाईंनी १७६९ साली पाककृतींचं पुस्तक काढलं, त्यात चहाबरोबर खायच्या क्रम्पेटची कृती आहे. साहित्यात काही विशेष नाही. मैदा, पाणी, मीठ, यीस्ट, आणि शेवटी थोडी बेकिंग पावडर किंवा सोडा. सगळी करामत पिठाच्या सैलपणात आणि तव्याच्या आचेत असते. जाड तव्यावर लोखंडी कडी मांडायची, तिच्यात पीठ ओतायचं आणि हात बांधून थांबायचं. खालून उष्णता चढते, पिठातला वायू बुडबुड्यांनी वर येतो, बुडबुडा फुटतो आणि त्याच्या जागी बोगदा राहतो. पीठ घट्ट असेल तर बुडबुडा वरपर्यंत पोचत नाही आणि क्रम्पेट ठोंब होतो. सैल झालं तर कडीच्या खालून पळतं. आच जास्त झाली तर भोकं उघडण्याआधी बूड करपतं. म्हणून तव्यावरचा माणूस एका गतीने काम करतो. एका टोकाला ओतत जायचं, तोवर दुसऱ्या टोकाच्या कड्या काढायला आलेल्या असतात. मी बराच वेळ पाहत उभा होतो. त्याने एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही, पिठाच्या पृष्ठभागाकडेच पाहत होता. वरची ओली चमक गेली की कडी उचलायची.

असा तयार झालेला क्रम्पेट वरून पांढुरका आणि अर्धवट दिसतो, आणि तो अर्धवटच असतो. गिऱ्हाइकाने मागितल्यावर तो पुन्हा भाजतात आणि मग त्यावर लोणी येतं. लोणी वर राहत नाही, भोकांतून खाली उतरतं. तो मधून कापून उघडायचा नसतो. इथल्या काही लोकांना तसं करताना मी पाहिलं आणि मलाच वाईट वाटलं. खुद्द इंग्लंडमध्ये आता क्रम्पेट बहुतेक घरांत सुपरमार्केटच्या पाकिटातून येतो, कारखान्यात तयार झालेला. तव्यापाशी उभं राहून ताजा खायचा तर असं दुकान शोधावं लागतं, आणि ते इंग्लंडपासून हजारो मैलांवर, प्रशांत महासागराच्या काठी सापडतं.

चहाबद्दल थोडं बोलायला हवं. इथला चहा उकळत नाहीत. किटलीत पत्ती, त्यावर कढत पाणी, आणि मुरू द्यायचं. दूध मागितलं तर थंड दूध येतं. सकाळी सहाला बाजार समितीच्या फाटकावरचा आलं घातलेला, गुळचट, तोंड पोळणारा चहा पिऊन ज्याची चाळीस वर्षं गेली, त्याला हे पाणीच वाटणार. पण लोण्याने भिजलेल्या क्रम्पेटबरोबर आपला चहा चालला नसता, हेही खरं. दोन्ही जड झाले असते. दुसऱ्या कपाला मी दूध घातलं नाही.

सकाळी नऊ

नऊच्या सुमारास बाहेर पडलो, कारण आता हजेरी होते. हो, हजेरी. बाजारातल्या रोजच्या ओट्यांसाठी मार्केट मास्टर नावाचा अधिकारी रोज सकाळी नावं पुकारतो. हस्तकलावाले ज्येष्ठतेच्या यादीप्रमाणे उभे. ज्याचं नाव वर, त्याला आधी जागा निवडता येते. नवा माणूस उरलेल्या जागेवर. कुणी आपली जागा कायमची माझी म्हणू शकत नाही. माझ्यासारख्याला हा देखावा माशांच्या दुकानापेक्षा जास्त रंगतदार वाटला. कुणी वाद घालत नव्हतं, निदान मोठ्याने नाही. वर्षानुवर्षांची ओळख असलेली माणसं एकमेकांच्या कपात कॉफी ओतत होती आणि कान मात्र यादीकडे होते.

शेतकऱ्यांना वेगळी टेबलं असतात. नियम एकच: पिकवणाऱ्याने किंवा घडवणाऱ्याने स्वतः विकायचं. बाजाराचं बोधवाक्यच आहे, उत्पादकाला भेटा. ते कुठून आलं हे समजून घ्यायचं तर कांद्यापाशी जावं लागतं.

१९०६ ते १९०७ या वर्षभरात सिॲटलमध्ये कांद्याचे भाव दहापट चढले. शेतकऱ्याला त्यातलं काही मिळत नव्हतं. खाली वेस्टर्न ॲव्हेन्यूवर अडत्यांच्या पेढ्या होत्या. शेतकरी माल त्यांच्या हवाली करायचा, आणि पट्टी काय येईल ते त्यांच्या मर्जीवर. कधी येतच नसे. माल सडला असं सांगितलं की विषय संपला. इकडे शहरातली बाई चढ्या भावाने कांदा घेत होती, तिकडे शेतकरी कर्जात. ही गोष्ट मला कुणी लासलगावची म्हणून सांगितली असती तरी मी मान डोलावली असती. फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून घेणं आमच्याकडे २०१६ साली बंद झालं, आणि ती खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. इथे ही ओरड एकशेदहा वर्षं आधी झाली होती.

टॉमस रेव्हेल नावाच्या नगरसेवकाने १८९६ चा एक जुना ठराव उकरून काढला. त्याच्या आधारे शहराला सार्वजनिक बाजार भरवता येत होता, पण कुणी भरवला नव्हता. नवा कायदा करत बसण्यापेक्षा फायलीत पडलेला ठराव वापरायचा, या कल्पनेबद्दल मी या रेव्हेलसाहेबांना मनातल्या मनात दाद दिली. १७ ऑगस्ट १९०७, शनिवार. दहाएक गाड्या आल्या. गिऱ्हाइकांची झुंबड अशी की दुपार व्हायच्या आत गाड्या रिकाम्या. त्याच वर्षी क्लोंडाइकच्या सोन्यावर पैसे कमावलेल्या फ्रँक गुडविनने पहिलं छप्पर घातलं, आणि बाजार रस्त्यावरून ओट्यांवर आला.

त्या ओट्यांवर पुढे कोण होतं हे विसरून चालत नाही. दुसऱ्या महायुद्धापर्यंत इथे भाजी विकणाऱ्या शेतकऱ्यांत निम्म्याहून कितीतरी जास्त जपानी वंशाचे होते. फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी आदेश काढला आणि त्यांना कुटुंबांसकट छावण्यांत नेऊन ठेवलं. एका हंगामात ओटे रिकामे झाले. युद्धानंतर फार थोडे परतले, जमिनीही गेल्या होत्या. प्रवेशापाशी वर अकी सोगाबे या चित्रकर्तीने त्यांच्यासाठी केलेले पट लावलेले आहेत. लोक त्याखालून जातात ते बहुधा घड्याळाच्या पाटीकडे बघत. मी मान वर करून पाहत उभा राहिलो तर मागच्याने 'एक्स्क्यूज मी' म्हणत वाट काढली.

आज फुलांच्या टेबलांवर बहुतेक हमोंग कुटुंबं आहेत. व्हिएतनामच्या युद्धानंतर लाओसमधून निर्वासित म्हणून आली आणि आसपासच्या खोऱ्यांत जमीन कसायला लागली. ऑगस्टात डेलिया येतो. आजी बसून देठ छाटतेय, सून गुच्छ बांधतेय, नातू कार्ड मशीन सांभाळतोय. बोलणं त्यांच्या भाषेत, हात सतत चालू. बाजार माणसं बदलतो पण ओटा तोच असतो, आणि ओट्यावर बसण्याची अटही तीच.

सकाळी साडेदहा ते अकरा

या वेळेबद्दल फार लिहीत नाही, कारण सगळे तेच लिहितात. बंदरात क्रूझ जहाज लागलेलं असलं की इथे मुंगी शिरत नाही. मासे फेकणारे मासे फेकतात. ती करमणूक आहे, पण तिची सुरुवात पावलं वाचवण्यासाठी झाली. मासा बाहेर बर्फावर, काटा आत काउंटरच्या मागे, मग दर वेळी चालत कशाला जायचं? 'पहिल्या' स्टारबक्ससमोरची रांग कोपऱ्यावरून वळलेली. खरं पहिलं दुकान १९७१ साली वेस्टर्न ॲव्हेन्यूवर निघालं होतं. इथे ते १९७६ मध्ये आलं, म्हणजे क्रम्पेटवाल्यांच्याच वर्षी. एका दुकानाच्या पुढे जगभर हजारो शाखा झाल्या, दुसऱ्याचं अजून तेवढंच टेबल, तेवढाच तवा. रांग कुठे आहे ते सांगायला नको.

पाटीखालच्या कांस्याच्या डुकरिणीवर मुलं बसतात. रेचल तिचं नाव, १९८६ पासून इथे आहे. तिच्या पाठीत फट आहे, त्यात लोक पैसे टाकतात आणि ते बाजारातल्या दवाखान्याला, पाळणाघराला, वृद्धांच्या केंद्राला जातात. बाजारात दवाखाना आहे, हे मला आधी माहीत नव्हतं. इथे लोक राहतातही. दुकानांच्या वरच्या मजल्यांवर चार-पाचशे माणसं, त्यांतले बरेच कमी उत्पन्नाचे म्हातारे. सकाळी साडेसहाला काठी टेकत जाणारे जे आजोबा मला पर्यटक वाटले नव्हते, ते इथलेच रहिवासी असावेत.

दुपारी बारा

पुन्हा दुकानात. आता टेबल मिळत नाही, कुणाच्या तरी समोर बसावं लागतं. दुपारी क्रम्पेटवर लोणी-मुरंबा मागे पडतो आणि अंडं, चीज, सॅमन वर चढतात. मी अंडं-चीज घेतलं. मुलीचा फोन आला म्हणून मराठीत बोललो, तर समोरची बाई वळून बघायला लागली.

"काका, तुम्ही महाराष्ट्रातले?"

ती, नवरा आणि तिची सासू. मुलगा-सून रेडमंडला नोकरीला, सासूबाई मालवणजवळच्या, सहा महिन्यांसाठी आलेल्या. सासूबाईंनी क्रम्पेट बशीत उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला, बोट लावून दाबला.

"ही आंबोळीच की हो," त्या म्हणाल्या. "जाळी बघा कशी पडलीय. आम्ही झाकण ठेवतो, हे कडी लावतात, एवढाच काय तो फरक."

"आई, आंबोळी तांदळाची," मुलगा म्हणाला.

"तांदळाची असो की कशाची. पीठ आंबलं की जाळी पडणार. पण ही जाड फार. इतकी जाड केली तर आमच्याकडे कच्ची राहिली म्हणतील."

त्यांचं निदान अर्धं बरोबर होतं. आंबोळी पातळ असते, त्यामुळे वाफेवर वरून शिजते. क्रम्पेटचं पीठ कडीत खोल असतं, वाफेचं काम नाही, म्हणून तो दुसऱ्यांदा भाजावा लागतो. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे दोनदा गॅस जाळायचा." मग लगेच, "पण लोण्याला ही बरी. आंबोळीवर लोणी टिकत नाही." सुनेला त्यांनी घरी करून बघायला सांगितलं. सून हसली. कड्या कुठून आणायच्या हा प्रश्न तिला पडला असावा, पण सासूबाईंनी तेही सोडवलं होतं: रिकाम्या डब्याची दोन्ही बाजूंची झाकणं कापली की झाली कडी. नवरा म्हणाला, "आई, डब्याला आतून प्लास्टिकचा लेप असतो." यावर सासूबाईंनी चहा घेतला.

जाताना त्यांनी विचारलं, "तुम्ही इथे एकटेच दिवसभर काय करताय?" मी म्हणालो, बाजार बघतोय. "मग काही घेतलंत की नाही?" कोकणातल्या माणसाचा हा खास प्रश्न.

दुपारी दीड

कमानीखाली फरशीवर एक संगीताची खूण रंगवलेली दिसते, आत आकडा. रस्त्यावर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी ती जागा. परवाना काढायचा, खुणेवर उभं राहायचं, तासाभराने जागा सोडायची. लाउडस्पीकर लावायचा नाही, ढोल-ताशाही नाही. एक माणूस चाकांवरचा पियानो ढकलत आला, खुणेवर उभा केला, वाजवायला लागला. लोक थांबले, व्हिडिओ काढले, त्यांना वाटलं असेल हा कुठून तरी लहर आली म्हणून आलाय. लहर नव्हे, परवाना होता.

सकाळपासून मला दिसत होतं ते हेच. हा बाजार गोजिरा दिसतो, जुना आणि सैल आणि आपोआप जमून आल्यासारखा. आपोआप इथे काहीही नाही. प्रत्येक तासाला एक नियम आहे आणि तो नियम कुणीतरी भांडून मिळवलेला आहे.

साठच्या दशकात हा बाजार पाडायचं ठरलं होतं. उंच इमारती, हॉटेल, गाड्यांसाठी पार्किंग. बाजारात त्या वेळी उंदीर होते, गळती होती, ओटे ओस पडत चालले होते, त्यामुळे पाडा म्हणणारे सगळेच खलनायक नव्हते. विद्यापीठात वास्तुकला शिकवणारे व्हिक्टर स्टाइनब्रूक मात्र वही घेऊन इथे येऊन बसत आणि चित्रं काढत. इमारतींची नव्हे, माणसांची: टेबलाशी वाकलेल्या बाईची, पेटीवर बसलेल्या म्हाताऱ्याची. त्यांचं म्हणणं असं की वाचवायचंय ते हे, वास्तू त्याच्या जोडीने वाचली तर वाचेल. चित्रं, सह्या, मोर्चे, आणि अखेर २ नोव्हेंबर १९७१ रोजी मतदान. शहराने बाजाराच्या बाजूने कौल दिला.

मतदान जिंकणं सोपं, त्यानंतरचं अवघड. या परिसरासाठी एक आयोग नेमला गेला. तो पाटीचा आकार ठरवतो, बाहेरचा रंग ठरवतो, आणि मुख्य म्हणजे या गाळ्यात कोणता धंदा चालेल तेही ठरवतो. साखळी दुकानांना इथे मज्जाव. ज्यांचा जन्मच इथला, त्यांना सूट. १९७३ साली बाजाराच्या मालमत्तेचा कारभार पाहायला एक सार्वजनिक प्राधिकरण स्थापन झालं. आणि १९७६ मध्ये दोन माणसं इथे क्रम्पेटचं दुकान काढू शकली. त्या गाळ्याला जास्त भाडं देणारा कुणीही सापडला असता. त्याला तो मिळाला नाही याचं कारण तव्यावर नाही, कागदावर आहे.

कागद दोन्ही बाजूंनी कापतो, हेही सांगायला हवं. ऐंशीच्या दशकात याच प्राधिकरणाने पैसा उभा करायला बाजारातल्या इमारतींची मालकी कागदोपत्री न्यूयॉर्कच्या गुंतवणूकदारांना विकली. त्यांना घसारा दाखवून कर वाचवायचा होता, प्राधिकरणाला दुरुस्तीला रक्कम हवी होती. मग अमेरिकेचा करकायदा बदलला, गुंतवणूकदारांचा फायदा गेला, आणि ते म्हणाले, आता आम्ही मालक आहोत, बाजार आमच्या मनाप्रमाणे चालवू. कोर्टकचेऱ्या होऊन १९९१ मध्ये पैसे मोजून तो सौदा उलटवावा लागला. हुशार माणसांनी केलेला सौदा होता. माझ्या नोकरीत असे 'कागदोपत्रीच फक्त' म्हणून झालेले व्यवहार मी पाहिले आहेत, आणि ते कागदोपत्री राहिलेले कधी पाहिले नाहीत.

आपल्याकडे जुन्या मंडया पाडायच्या की राखायच्या यावर चर्चा होते ती छपराची आणि मनोऱ्याची. पुण्याच्या मंडईची अष्टकोनी इमारत सुंदरच आहे, मुंबईचं क्रॉफर्ड मार्केटही. पण उद्या त्यांचे सगळे दगड जागेवर राहिले आणि ओट्यावरच्या भाजीवालीच्या जागी ब्रँडेड कपड्यांचं दुकान आलं, तर काय राखलं? इथल्या आयोगाला हा प्रश्न विचारायचा अधिकार आहे. तो कधी कधी त्रासदायकही होतो, पाटीचा रंग बदलायला दुकानदाराने अर्ज करायचा, बैठकीची वाट बघायची. त्या त्रासाची किंमत मोजूनच हे टिकतं.

दुपारी अडीच

क्रम्पेटचं दुकान आवरायच्या बेतात. हे सकाळचं दुकान आहे, संध्याकाळपर्यंत रेटत नाहीत. तवा थंड होतोय, कड्या धुवायला गेल्या, टेबलांवर फडकं फिरतंय. मी घरी न्यायला क्रम्पेटची पिशवी घेतली. गार झाल्यावर ते रबरासारखे होतात, घरी टोस्टरमध्ये नीट भाजायचे, आळस करायचा नाही.

दुकान बंद होतंय पण बाजार चालू आहे. मी खाली उतरून समुद्राच्या बाजूला गेलो. बाजार आणि पाणी यांच्या मधून पूर्वी दोन मजली उड्डाणपूल जायचा, तो २०१९ मध्ये पाडला आणि आता बाजारातून सरळ पाण्यापर्यंत चालत जाता येतं. बेनब्रिज बेटाकडे जाणारी फेरी निघाली होती. तिथे काही वेळ निवांत बसलो. त्याचं वर्णन करण्यासारखं काही नाही, पाय दुखत होते.

दुपारी साडेचार

शेतकऱ्यांची आवराआवर. आता भाव उतरतात, पण आपल्याकडच्यासारखी आरोळी नाही. एका टेबलावर वाला वाला कांदा होता, शेवटच्या काढणीचा. वॉशिंग्टन राज्याच्या पूर्वेकडच्या वाला वाला गावाचा हा कांदा, त्याचं बी एका फ्रेंच सैनिकाने कॉर्सिका बेटावरून आणलं आणि तिथल्या इटालियन बागायतदारांनी निवडून निवडून वाढवलं. मोठा, फिक्का, पाणीदार. गंधक कमी म्हणून तिखट नाही, कच्चा खाता येतो. २००७ साली राज्याने त्याला राज्यभाजीचा मान दिला. मी एक हातात घेऊन मानेपाशी दाबून पाहिला. मान ओली, पात सुकलेली नाही. हा चाळीत महिनाभर टिकला तर नशीब. आमचा उन्हाळ कांदा पाच-सहा महिने राहतो, म्हणून तर शेतकरी भावाची वाट बघू शकतो. गोडीची किंमत टिकण्यात मोजावी लागते.

विकणाऱ्याने माझं दाबणं पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही पिकवता?" मी म्हणालो, नाही, पिकवणाऱ्यांच्या मापाकडे लक्ष ठेवायचो. तो हसला. त्याने दोन कांदे पिशवीत टाकले, पैसे मोजून घेतले. मध्ये कुणी नव्हतं. अडत नाही, तोलाई नाही, हमाली त्याची त्यानेच केली, टेबलाचं भाडं भरलं की बाकी सगळं त्याचं. पण दिवसभर उभं राहणंही त्याचंच. शेतात त्या दिवशी कोण होतं, हे विचारायचं राहून गेलं नाही: भाऊ होता. दोन माणसं नसतील तर हा बाजार शेतकऱ्याला परवडत नाही. आमच्या लिलावाला लोक नावं ठेवतात, पण ट्रॅक्टर उभा केला की दोन तासांत शेतकरी मोकळा होतो, ही सोय इथे नाही. हजार क्विंटल कांदा टेबलावर विकता येत नाही.

उरलेली भाजी खोक्यांत भरून काही जण गाडीत चढवत होते, काही बाजारातल्याच अन्नपेढीकडे नेत होते. ओटे पाण्याने धुवायला सुरुवात झाली.

संध्याकाळी साडेसात

मुलीने दिवसाचा वृत्तांत ऐकून घेतला. हजेरी, परवाने, आयोग, सगळं. मग म्हणाली, "बाबा, खरं सांगू का? आम्ही भाजी तिथून कधीच आणत नाही. पार्किंग मिळत नाही, आणि मिळालं तर भाजीपेक्षा महाग पडतं. पाहुणे आले की जातो."

हे मला सकाळपासून टोचत होतंच. वर्षाला एक कोटीहून जास्त लोक तिथे येतात, पण पिशवी घेऊन येणारे किती आणि फोन घेऊन येणारे किती? दुकानं वाचवायचा नियम करता येतो. गिऱ्हाइकाने रोज यावं असा नियम करता येत नाही.

"वरच्या मजल्यावरचे म्हातारे घेत असतील ना," जावई म्हणाले. ते तिकडे क्रम्पेट टोस्टरमध्ये घालत होते आणि क्रम्पेट जाड असल्यामुळे अडकत होते.

"दाबू नका हो," मी म्हणालो. "भोकं बुजतील."

मुलीने वाला वाला कांद्याची चकती कापून चाखली. "बाबा, हा कांदा आहे की सफरचंद?"

"तेवढ्यासाठीच लवकर संपवायचा," मी म्हणालो. "आणि पुढच्या शनिवारी मला परत नेऊन सोडा. बसने जाईन, पार्किंग लागणार नाही. पिशवी मोठी द्या."

"शनिवारी गर्दी फार असते, बाबा."

"हजेरीला नसते."